रक्त कमी आहे, पण का? ॲनिमियाचं कारण शोधायच्या रक्तचाचण्या: कोणती आधी, कोणती नंतर

गोदाकाठ

हिमोग्लोबिन ९ आलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर ९.२. मग गोळीची कंपनी बदलली, बीट-खजूर सुरू झाले, आणखी तीन महिने गेले. हे इतक्या घरांत चालतं की कुणाला त्यात वावगंही वाटत नाही. कारण शोधायचं मात्र राहून जातं, आणि ते शोधायला लागणारी निम्मी माहिती पहिल्याच सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर छापलेली असते.

म्हणून हा धागा. इथे लॅबमधली आणि दवाखान्यातली बरीच जाणकार मंडळी आहेत, सगळ्यांनी मिळून क्रम लावावा ही विनंती. सुरुवात मी करतो.

ॲनिमिया आहे की नाही ते हिमोग्लोबिनवर ठरतं: पुरुषांत १३, गरोदर नसलेल्या स्त्रियांत १२, गरोदरपणात ११ ग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली (दुसऱ्या तिमाहीत १०.५). तो कशामुळे आहे याची पहिली दिशा एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान दाखवतं. ८० फेम्टोलीटरच्या खाली असेल तर लोहाची कमतरता, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचा वाहक किंवा जुनाट आजारातला ॲनिमिया. १०० च्या वर असेल तर बी१२, फोलेट, दारू, यकृत, थायरॉइड, काही औषधं, क्वचित अस्थिमज्जेचा आजार. ८० ते १०० च्या मध्ये असेल तर ताजा रक्तस्राव, मूत्रपिंडाचा विकार, जुनाट आजार, किंवा दोन कमतरता एकत्र.

माझं म्हणणं असं की आधी एमसीव्ही पाहावा, मग त्या गटापुरत्याच पुढच्या चाचण्या कराव्यात. ऐंशी चाचण्यांचं पॅकेज घेऊन नंतर त्यात उत्तर शोधत बसू नये. कोणती चाचणी वाया जाते, कोणती राहून जाते, रक्त घेताना काय चुकतं, हे तुम्ही सांगा.

सूक्ष्मदर्शक

क्रमाशी सहमत, पण दोन गोष्टी वर सरकवा: रेटिक्युलोसाइट काउंट आणि पेरिफेरल स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं). दोन्ही स्वस्त, दोन्ही त्याच जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या रक्तावर होतात, आणि सगळ्यात जास्त याच राहून जातात.

रेटिक म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर आलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. मज्जा काम करते आहे की नाही, या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं. नुसत्या टक्क्यावर मात्र जाऊ नका. समजा हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) २२.५ आहे आणि रेटिक ४ टक्के. कागदावर ४ हा आकडा वाढलेला दिसतो, पण नेहमीच्या ४५ च्या मानाने तांबड्या पेशीच निम्म्या आहेत, म्हणून ४ गुणिले २२.५ भागिले ४५ म्हणजे २. त्यातही एवढ्या ॲनिमियात कोवळ्या पेशी लवकर बाहेर ढकलल्या जातात आणि रक्तात जास्त दिवस कोवळ्या दिसतात, म्हणून पुन्हा २ ने भागायचं. उरला १. हा निर्देशांक २ च्या खाली असेल तर मज्जा पुरेसं उत्पादन करत नाही: कच्चा माल नाही, किंवा मज्जाच आजारी आहे. ३ च्या वर असेल तर मज्जा जोमात आहे, पेशी कुठेतरी फुटताहेत किंवा वाहून जाताहेत.

आता एमसीव्ही कमी असेल तेव्हा. त्याच कागदावर आरबीसी काउंट (तांबड्या पेशींची संख्या) आणि आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) असतात. एमसीव्हीला आरबीसी काउंटने (दशलक्षांत) भागा. १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया वाहकाकडे कल, १३ च्या वर आलं तर लोहाच्या कमतरतेकडे. याला मेंट्झर निर्देशांक म्हणतात.

उदाहरण एक: हिमोग्लोबिन १०.८, आरबीसी ५.९, एमसीव्ही ६१, आरडीडब्ल्यू १५. भागाकार १०.३. पेशी लहान, पण संख्या भरपूर आणि सगळ्या साधारण सारख्या. हा वाहकाचा नमुना.

उदाहरण दोन: हिमोग्लोबिन ८.६, आरबीसी ४.१, एमसीव्ही ७०, आरडीडब्ल्यू १९.५. भागाकार १७. पेशी लहान, संख्याही कमी, आणि आकारात मेळ नाही. हा लोहाचा नमुना.

हा फक्त कल आहे, निदान नव्हे. वाहकालाच लोहाची कमतरता असली की दोन्ही नमुने एकमेकांत मिसळतात.

मुक्ता

रेटिकचं गणित पहिल्यांदाच कळलं. वाचनखूण साठवली. स्मिअरमध्ये नेमकं काय दिसतं तेही लिहा ना. अहवालात ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक’ एवढंच छापून येतं.

सूक्ष्मदर्शक

@मुक्ता, ते दोन शब्द यंत्राच्या आकड्यांवरूनही छापता येतात. काचपट्टी खरंच पाहिली असेल तर त्यापुढे काहीतरी लिहिलेलं असतं. पेन्सिलीसारख्या लांबट पेशी असतील तर लोहाची कमतरता. टार्गेट पेशी आणि बारीक निळे ठिपके असतील तर थॅलेसेमिया. तेच ठिपके भरड असतील तर शिसं डोक्यात यायला हवं: बॅटरीच्या कारखान्यात काम आहे का, धातूची भस्मं चालू आहेत का हे विचारायचं आणि रक्तातलं शिसं तपासायचं. मोठ्या अंडाकृती पेशी आणि पाच-सहा खंडांचं केंद्रक असलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतील तर बी१२ किंवा फोलेट. पेशींचे तुकडे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, कारण रक्तवाहिन्यांत पेशी चिरडल्या जात असतील तर ते तातडीचं असतं. वयस्क माणसात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटलेल्या, ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) १०० च्या वर आणि पाठदुखी, असं एकत्र आलं तर प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणं) करायला सांगायचं, मायलोमा हा मज्जेतला कर्करोग वगळायला.

सीबीसीच्या फॉर्मवर ‘स्मिअरवर पॅथॉलॉजिस्टचं मत हवं’ असं लिहिलं की काम होतं.

जांभळी_नळी

आकडे वाचण्याआधी रक्त कसं घेतलं ते पाहा. चुका तिथेच सुरू होतात.

दंडावरचा पट्टा एका मिनिटाच्या वर बांधून ठेवला की रक्त दाटतं आणि हिमोग्लोबिन खरं आहे त्यापेक्षा जास्त येतं. शीर सापडत नसेल तर पट्टा सोडायचा, दोन मिनिटं थांबायचं, मग पुन्हा बांधायचा.

जांभळ्या नळीत ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. नळी २ मिलीची असेल तर खुणेपर्यंत भरायलाच हवी. अर्धीच भरली तर ईडीटीएचं प्रमाण वाढतं, पेशी आक्रसतात, हिमॅटोक्रिट खोटं कमी येतं. भरल्यावर हलक्या हाताने ८-१० वेळा उलटी-सुलटी करायची. खळाखळा हलवलं तर पेशी फुटतात, नाही हलवलं तर बारीक गुठळी होते आणि यंत्र प्लेटलेट कमी दाखवतं.

नळ्यांचा क्रमही महत्त्वाचा: साधी लाल किंवा पिवळी आधी, जांभळी नंतर. जांभळ्या नळीतलं रक्त ‘थोडं कमी पडलं’ म्हणून लाल नळीत ओतलं, तर पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं घटतं आणि सीरम लोहही (पेशींबाहेरच्या रक्तद्रवातलं लोह) कमी येतं. ईडीटीए धातूंना धरून ठेवतं, म्हणून.

घरून नमुना नेणारा मुलगा नळ्या बर्फाला चिकटवून नेत असेल तर पेशी फुटतात, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवत असेल तरी नमुना बिघडतो. फुटलेल्या पेशींच्या नमुन्यात एलडीएच हे पेशींतलं विकर (एन्झाइम) वाढलेलं येतं. फोलेटही खोटं वाढतं, कारण तांबड्या पेशीत ते सीरमपेक्षा कितीतरी जास्त असतं. सीबीसीचा नमुना दिवसभर पडून राहिला की पेशी फुगतात आणि एमसीव्ही वर जातो. स्मिअर तर दोन-चार तासांतच ओढायला हवा.

घरी बसल्या करायची पडताळणी: हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण हिमॅटोक्रिटएवढी हवी, तीनने इकडे-तिकडे चालेल. पेशी अगदी लहान आणि फिकट असतील तर हा मेळ सुटू शकतो. एरवी मोठी तफावत दिसली तर नमुना पुन्हा द्या.

आशा_वर्कर_मैत्रीण

उपकेंद्रात बोट टोचून जे हिमोग्लोबिन करतात ते कितपत खरं? त्यावरच गोळ्या ठरतात.

जांभळी_नळी

नीट केलं तर चाळणीसाठी ठीक. बोट गरम हवं, मधलं किंवा अनामिका, टोकाच्या जरा बाजूला टोचायचं. पहिले दोन थेंब पुसून टाकायचे. बोट पिळायचं नाही, पिळलं की पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. क्युव्हेट (रक्त घेऊन यंत्रात घालायचं छोटं पात्र) एका दमात भरायची, बुडबुडा नको. क्युव्हेटचा डबा लगेच घट्ट बंद करायचा. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, उघड्या डब्यातल्या क्युव्हेट दमट हवेने बिघडतात.

साहलीची नळी अजून कुठे वापरात असेल तर तिच्यावर निर्णय घेऊ नका. आम्लात रक्त घालून दहा मिनिटं थांबायचं आणि तपकिरी रंग डोळ्यांनी जुळवायचा, यात माणसागणिक एक-दीड ग्रॅमचा फरक सहज पडतो.

आकडेमोड

वरच्या प्रश्नाला जोडून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला, महाराष्ट्रात ५४.२ टक्के. ते बोटाच्या रक्तावर होतं. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांचं आणि किशोरवयीनांचं रक्त शिरेतून घेतलं, त्यात किशोरवयीनांतलं प्रमाण २८ टक्के आलं. वयोगट वेगळे आहेत, सरळ तुलना करू नये. पण नमुना कसा घेतला यावर देशाचे आकडेही हलतात, हे खरं.

वैद्यकी

मूळ मुद्द्याला थोडा विरोध नोंदवतो. धाग्यात शहरी लॅब गृहीत धरली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात फेरिटिन (साठवलेल्या लोहाची चाचणी) होत नाही, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी) तर लांबच. तिथे गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ९ असेल तर अहवालांची वाट पाहत बसणं धोक्याचं. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सौम्य आणि मध्यम ॲनिमियाला रोज दोन लोह-फोलिकच्या गोळ्या देऊन दर महिन्याला हिमोग्लोबिन पाहायला सांगितलं आहे. महिन्यात १ ग्रॅमही वाढलं नाही तर पुढच्या रुग्णालयात पाठवायचं. म्हणजे तिथे गोळी हीच चाचणी आहे. लोहाची कमतरता सर्वांत जास्त आढळते, तेव्हा हा मार्ग शास्त्रीयच आहे.

गोदाकाठ

@वैद्यकी, मान्य, पण ‘महिन्याने पाहायचं’ हा अर्धा भाग पाळला गेला तरच. गोळी चालू आणि तपासणी नाही, हीच तर माझी तक्रार आहे.

सूक्ष्मदर्शक

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. एक पुरवणी: गोळी सुरू करायच्या आधी जांभळी नळी भरून सीबीसी करून घ्या आणि स्मिअरची एक काचपट्टी ओढून, मिथेनॉलने स्थिर करून ठेवा. उपचार सुरू झाले की सात ते दहा दिवसांत रेटिक उसळतं, महिन्याभरात एमसीव्ही सरकू लागतो आणि मूळ चित्र पुसट होतं. पट्टी ठेवलेली असेल तर पुढच्या रुग्णालयात ती बोलते.

वैद्यकी

पट्टी ठेवण्याची सूचना उत्तम. ते केंद्रातही जमण्यासारखं आहे.

परळकर

लोहाच्या चाचण्यांवर लिहितो, कारण पैसे तिथेच वाया जातात.

फेरिटिन म्हणजे घरातली कणगी आणि सीरम लोह म्हणजे आज सुपात काढलेले दाणे. सुपातलं कमीजास्त होत राहतं: सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, गोळी घेतल्यावर काही तास खूप जास्त. म्हणून सीरम लोह करायचंच असेल तर सकाळी उपाशीपोटी, आणि त्याआधी निदान एक-दोन दिवस लोहाची गोळी थांबवून. फेरिटिनला उपास लागत नाही.

फेरिटिन १५ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर कमतरता नक्की, दुसरं काही करायची गरज नाही. व्यवहारात ३० च्या खालीही कमतरताच मानतात आणि ते बरोबर आहे. लॅबच्या कागदावर ‘१० ते २९०’ अशी लांबलचक कक्षा छापलेली असते आणि १४ ला ‘नॉर्मल’ म्हटलं जातं. त्यावर जाऊ नका.

घोळ होतो तो शरीरात दाह किंवा संसर्ग असतो तेव्हा. फेरिटिन तापात, संधिवातात, क्षयरोगात, यकृताच्या विकारात, लठ्ठपणातही वाढतं. कणगी रिकामी असूनही आकडा ६० दिसतो. म्हणून सोबत सीआरपी ही दाहाची चाचणी करा. तो वाढलेला असेल तर मोठ्या माणसात ७० पर्यंतचं फेरिटिनही कमतरता धरायचं.

स्पष्टवक्ता

मग सीरम लोह आणि टीआयबीसी (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता) करायचंच कशाला? फेरिटिन आणि सीआरपी पुरे. ‘आयर्न स्टडीज’चं पॅकेज निव्वळ खर्च.

परळकर

@स्पष्टवक्ता, तरुण, एरवी धडधाकट माणसासाठी पूर्ण सहमत. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, हृदय निकामी होणं, संधिवात, यात मात्र नाही. तिथे ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोहवाहक प्रथिन लोहाने किती भरलंय तो टक्का) लागतं, आणि ते सीरम लोह भागिले टीआयबीसी गुणिले १०० असं निघतं. लोह ३०, टीआयबीसी ४३० असेल तर ७ टक्के, उघड कमतरता. लोह ३०, टीआयबीसी २१० असेल तर १४ टक्के. इथे टीआयबीसीच खाली आहे, म्हणजे दाहाने लोह कोठारात कोंडलं आहे. दोन्हीकडे सीरम लोह ३०च, म्हणून एकटं सीरम लोह कधीच वाचू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णात फेरिटिन १०० च्या खाली किंवा सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह द्यायचा विचार होतो.

स्पष्टवक्ता

पटलं. म्हणजे धडधाकट माणसाला नको, जुनाट आजार असेल तर हवं.

आहारवेद

बी१२ बद्दल. आपल्याकडे शाकाहारी घरांत ही कमतरता इतकी सर्रास आहे की फक्त एमसीव्ही १०० च्या वर गेल्यावरच तपासायचं म्हटलं तर अर्धे रुग्ण सुटतील. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असले की लहान आणि मोठ्या पेशींची सरासरी नेमकी ८५-९० येते. कागदावर एमसीव्ही ठीक, आरडीडब्ल्यू मात्र १८-२०. @गोदाकाठ, तुमच्या क्रमात आरडीडब्ल्यू एमसीव्हीच्या शेजारीच लिहा.

बी१२ २०० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे काठावर. काठावर असेल तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड करा. होमोसिस्टीन बी१२ आणि फोलेट दोन्हींच्या कमतरतेत वाढतं, मिथाइलमॅलोनिक ॲसिड बी१२ च्याच, फक्त मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर तेही वाढतं. होमोसिस्टीनचा नमुना बर्फात ठेवून तासाभरात सेंट्रिफ्यूज झाला पाहिजे, नाहीतर पेशींतून ते बाहेर झिरपत राहतं आणि आकडा खोटा वाढतो. लांबच्या संकलन केंद्रावर ही चाचणी देऊ नये.

तीन गोष्टी विचारल्याशिवाय बी१२ चा अहवाल वाचू नका. एक, ‘ताकदीचं’ लाल इंजेक्शन अलीकडे घेतलंय का? एका इंजेक्शननंतरही आकडा हजाराच्या वर जातो आणि पुढे काही आठवडे त्याचा उपयोग नसतो. दोन, मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू आहे का? तीन, केसांसाठी बायोटिन चालू आहे का? ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी काही यंत्रांवरच्या चाचण्या फसतात: बी१२ आणि फोलेट खोटे जास्त, फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) खोटे कमी. दोन-तीन दिवस आधी बंद करा.

आणि नुसतं फोलिक ॲसिड देऊ नका. बी१२ कमी असताना ते दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळे निर्धास्त होतात, आणि तिकडे मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पायांत मुंग्या, अंधारात तोल जाणं, ही लक्षणं मग उशिरा लक्षात येतात.

परळकर

अवांतर, पण या धाग्यात यायलाच हवं. फोलेटचा शोध परळच्या आसपासच सुरू झाला. लुसी विल्स ही ब्रिटिश रक्तशास्त्रज्ञ १९२८ मध्ये मुंबईत आली आणि हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना मोठ्या पेशींचा तीव्र ॲनिमिया होत होता. तिने त्यांचं रक्त तपासलं, आहार तपासला, आणि यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर हिमोग्लोबिन झपाट्याने वाढतं हे दाखवलं. ते १९३१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फोलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं, तेव्हा त्याला नाव मिळालं.

यातली निदानाची बाजू मला मोलाची वाटते. पर्निशियस ॲनिमियावर (बी१२ शोषलं न गेल्याने होणाऱ्या) चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या प्रकारच्या ॲनिमियावर चालत नाही, हे तिने पुढे दाखवलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सारख्याच मोठ्या, पण कारणं दोन. आजही मोठ्या पेशी दिसल्या की बी१२ आणि फोलेट वेगवेगळं पाहावं लागतं ते याचमुळे.

मुक्ता

गिरणगावात हे घडलं आणि आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही! सुंदर माहिती.

सुगरण

लोखंडी कढईत भाजी केली तर फरक पडतो का?

आहारवेद

@सुगरण, आंबट पदार्थांत थोडं लोह उतरतं. चांगलंच आहे, पण ९ चं १२ त्याने होत नाही. त्यापेक्षा जेवणासोबतचा चहा तासभर लांब सारा.

वऱ्हाडी_पेशी

विदर्भाचा मुद्दा अजून आला नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, तसंच खानदेशात नंदुरबार. इथे हिमोग्लोबिन कमी असेल तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची चाचणी यादीच्या तळाशी नको, पहिल्या पानावर हवी. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे, तेव्हा अनेकांकडे कार्ड असेल. आधी ते मागा.

सोल्युबिलिटी चाचणी फक्त एस हिमोग्लोबिन (सिकलसेलचं सदोष हिमोग्लोबिन) आहे एवढंच सांगते. वाहक आहे की रुग्ण, ते सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात ती फसते, तीव्र ॲनिमियातही फसते. नक्की करायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस.

आणि हे ठळक अक्षरांत लिहून ठेवा: सिकलसेलच्या वाहकाला त्या वाहकपणामुळे ॲनिमिया होत नाही. ‘एएस’ (वाहक) आलं म्हणून हिमोग्लोबिन ८ चं खापर त्यावर फोडलं जातं आणि लोह, जंत, पाळीतला अतिस्राव यांकडे कुणी पाहत नाही.

थॅलेसेमियासाठी एचपीएलसीमध्ये ए२ या प्रकारचं हिमोग्लोबिन पाहायचं. ४ टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाचा वाहक. ३.३ ते ३.९ काठावर. लोहाची कमतरता ए२ खाली ओढते, त्यामुळे खरा वाहक निसटू शकतो, म्हणून लोह भरून काढून पुन्हा करावं. बी१२ च्या कमतरतेत उलट ए२ थोडं वर जाऊ शकतं. रक्त चढवलं असेल तर तीन-चार महिने थांबा, नाहीतर रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मोजाल. अल्फा थॅलेसेमियाच्या वाहकात एचपीएलसी स्वच्छ येतं. फेरिटिन ठीक, ए२ ठीक, तरी एमसीव्ही ७० असेल तर डीएनए चाचणी. परळच्या केईएम आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत (एनआयआयएच) असल्या अडलेल्या नमुन्यांचं काम चालतं.

गरोदर स्त्री वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याची तपासणी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के, आणि वारेचा अंश घेऊन गर्भाचं निदान ११ व्या आठवड्यापासून करता येतं. इथे घालवायला वेळ नसतो. सिंधी, कच्छी भानुशाली, लोहाणा समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे. तिथे ही चाचणी लग्नाआधीच झालेली बरी.

मुक्ता

+१. लग्नाआधीच्या चाचणीवर वेगळा धागा काढा, @वऱ्हाडी_पेशी.

सूक्ष्मदर्शक

रेटिक जास्त आलं तर पुढे काय, हे राहिलं. पेशी फुटताहेत का पाहायला एलडीएच, अप्रत्यक्ष बिलिरुबिन, हॅप्टोग्लोबिन (सुटं हिमोग्लोबिन पकडणारं प्रथिन). पहिले दोन वाढलेले आणि हॅप्टोग्लोबिन तळाला गेलेलं असेल तर फुटताहेत. मग डायरेक्ट कूम्ब्स. ती पॉझिटिव्ह असेल तर शरीरच स्वतःच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं करतंय.

जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या विकराच्या चाचणीबद्दल एक सावधगिरी. पेशी फुटण्याचा झटका येऊन गेल्यावर लगेच ही चाचणी केली तर नॉर्मल येऊ शकते, कारण जुन्या कमकुवत पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या कोवळ्या पेशींत विकर भरपूर असतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. पारशी समाजात ही कमतरता जास्त आढळते, तिथे मलेरियासाठी प्रायमाक्वीन देण्याआधी विचारायलाच हवं, त्याने पेशी फुटू शकतात.

आणि एक चकवा. हिमोग्लोबिन ९, आरबीसी १.४, एमसीव्ही १२५, एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) ५१, असा कागद आला तर बी१२ मागवू नका. एमसीएचसी ५१ शक्यच नाही, पेशीत एवढं हिमोग्लोबिन मावत नाही. थंडीत पेशी एकमेकींना चिकटल्या आहेत आणि यंत्र गठ्ठ्याला एक पेशी समजतंय. नळी ३७ अंशांना अर्धा तास ठेवून लगेच पुन्हा लावायची, आकडे जागेवर येतात. मग शीत प्रतिपिंडांचा शोध.

मुक्ता

आता मूळ प्रश्नाकडे. समजा ३८ वर्षांची शाकाहारी बाई. पाळीत खूप स्राव. हिमोग्लोबिन ९.४, आरबीसी ३.५, एमसीव्ही ८६, आरडीडब्ल्यू २०, पांढऱ्या पेशी ३,९००, प्लेटलेट १ लाख ३० हजार. पैसे मोजकेच आहेत. काय करावं, काय सोडावं?

आहारवेद

वर लिहिलेला मिश्र नमुना अगदी हाच. स्राव आहे म्हणून लोह कमी, शाकाहार आहे म्हणून बी१२ कमी असण्याची दाट शक्यता. त्यातून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही उतरल्या आहेत, तेही बी१२ शी जुळतं.

सूक्ष्मदर्शक

पहिल्या फेरीत स्मिअर, रेटिक, फेरिटिन, बी१२. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच. थायरॉइड मंद असेल तर पाळीतला स्रावही वाढतो, म्हणून ती चाचणी इथे दुहेरी कामाची. सीरम लोह, टीआयबीसी, होमोसिस्टीन सध्या नको. एचपीएलसी पहिल्या फेरीत नको. लोह आणि बी१२ भरल्यावर एमसीव्ही ७५ च्या खाली घसरला तर करा.

तिन्ही प्रकारच्या पेशी कमी आहेत, म्हणून स्मिअर पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहिलाच पाहिजे. बी१२ चांगलं निघालं, किंवा स्मिअरमध्ये अपक्व पेशी दिसल्या, तर वाट न पाहता रक्तविकारतज्ज्ञाकडे. मज्जेची तपासणी लागू शकते.

वैद्यकी

आणि ‘लोह कमी आहे’ इथे थांबू नका, ते कुठून गेलं ते शोधा. या बाईत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर कारण पोटात शोधायचं: दोन्ही दुर्बीण तपासण्या, वरून आणि खालून. आतड्याचा कर्करोग कधीकधी एवढ्या एकाच खुणेने लक्षात येतो. तोंडाने लोह घेऊन अजिबात फरक पडत नसेल तर सीलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याचा आजार) टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची चाचणी आणि सोबत एकूण आयजीए (ते मुळातच कमी असेल तर पहिली चाचणी खोटी निगेटिव्ह येते), आणि एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूसाठी शौचाची अँटिजन चाचणी.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. मूळ लेखात दुरुस्ती करतो: एमसीव्ही आणि आरडीडब्ल्यू सोबत, रेटिक आणि स्मिअर पहिल्याच फेरीत. उपचार सुरू झाल्यावर काय कधी तपासायचं, तेवढं कुणी सांगितलं तर यादी पुरी होईल.

परळकर

सात ते दहा दिवसांनी रेटिक; ते चढलं की निदान बरोबर. चार आठवड्यांनी सीबीसी; हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅम, बहुतेकदा २ ग्रॅम वाढलेलं हवं. न वाढल्यास आधी विचारा: गोळी खरंच घेतली जातेय का, चहा किंवा कॅल्शियमसोबत घेतली जातेय का, स्राव चालूच आहे का. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवा आणि मग फेरिटिन करा. शिरेतून लोह दिलं असेल तर फेरिटिनला दोन-तीन महिने हात लावू नका, तोवर ते खोटं फुगलेलं असतं. आणि बी१२ ची इंजेक्शनं चालू असताना पुन्हा बी१२ मोजू नका. सीबीसीच सांगेल.